लघवीतली लॉग फाईल

"काल किती दूध प्यायलात?" ह्या प्रश्नाचं खरं उत्तर फार थोडे लोक देऊ शकतात. मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, आठवतच नाही! चहातलं धरायचं का? बिस्किटातली दूध पावडर? मग माणसाला विचारण्याऐवजी त्याच्या लघवीलाच विचारलं तर? सर्व्हर पडल्यावर आपण लॉग बघतो, तसं.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते 1912 साली. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच डॉक्टर-रसायनज्ञाने अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली आणि मिश्रण तपकिरी झालं. बासुंदीचा बदामी रंग येतो तो ह्याच अभिक्रियेमुळे. 1953 साली अमेरिकेत जॉन हॉजने तिच्या सगळ्या पायऱ्यांचा चक्क फ्लोचार्ट मांडला.

दूध तापलं की त्यातलं लॅक्टोज प्रथिनातल्या लायसिनला चिकटतं. असं प्रथिन आम्लात उकळलं की फ्युरोसिन मिळतं, हे 1960च्या दशकात कळलं. त्यावरून दूध किती तापवलंय ते मोजता येऊ लागलं. पण हे झालं पातेल्यातलं. पोटात गेल्यावर काय?

इथे खरी गोची आहे. साखर प्रथिनांना शरीरातही चिकटते. 1968 साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, तीच आजची एचबीएवनसी चाचणी. मग लघवीतला तुकडा ताटातला की शरीरातला? 2005 साली ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने स्वयंसेवकांना मायार पदार्थ जवळजवळ नसलेला आहार दिला. लघवीतलं पायरालिन धाडकन उतरलं. म्हणजे ते मुख्यतः ताटातूनच येतं!

पण पायरालिन पावातही असतं. ते 'तापवलेलं' एवढंच सांगतं, 'दूध' सांगत नाही. उलट 2017 साली स्विस संशोधकांना दूध प्यायलेल्यांच्या लघवीत गॅलॅक्टोज, गॅलॅक्टिटॉल आणि गॅलॅक्टोनेट सापडले. ते 'दूध' सांगतात, 'तापवलेलं' नाही. थोडक्यात काय, एका टेबलावर भागत नाही, जॉईन लावावाच लागतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण साखरेत अडकलेलं लायसिन शरीराला नीट वापरता येत नाही. मोठ्यांना डाळ-उसळीतून ते मिळतं. पण ज्या बाळाचं सगळं पोषण डब्यातल्या पावडरीवर चाललंय, त्याचं काय? त्याला प्रश्नावली भरता येत नाही. त्याचा लॉग मात्र रोज दुपट्यात असतो.