अंगठ्याची नोंद : जंगीपूर ते चिंताकी

खासगीपणा हा शब्द आपल्या सीमाभागातील जुन्या घरांत क्वचितच उच्चारला जाई. ओटी आणि माजघर यांमधला उंबरठाच ते काम करीत असे. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचे, त्याचे कोणास काही वाटत नसे. देण्याघेण्याचे कागद मात्र पेटीत कुलूपबंद राहत. काय उघडे ठेवायचे आणि काय झाकायचे, हे घर ठरवीत होते. हा अधिकार घराकडून कसा निसटत गेला, याचा इतिहास आम्हांस अंगठ्याच्या मागोव्याने सांगावासा वाटतो.

१८५८ च्या जुलैमध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला. करार होता रस्त्याच्या खडीचा! माणसाने पुढे शब्द फिरवू नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गवारीचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीस नाव मात्र त्यांचे वरिष्ठ हेन्री यांचे मिळाले. सरकारी नोकरी केलेल्यांस यात नवल वाटणार नाही.

पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या माणसांचे ठसे घेण्याची मुभा दिली. आपल्या शेजारच्या सोलापुरात या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. अमुक जातीत जन्म झाला एवढ्यावरून तेथे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. नोंद आणि पाळत यांच्यातले अंतर किती थोडे असते, हे पाहण्यास आपल्याला परदेशी जावे लागत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या राज्यातले आहे. २००० च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली पहाणीपत्रके संगणकावर आणली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी, आणि त्या आधी सुमारे ९ हजार ग्रामलेखापालांच्या दप्तरांत विखुरलेल्या. हस्तलिखित पहाणीतून एखादे नाव गळाले, तर धन्याला ते वाद उभा राहिल्यावरच कळे. नव्या व्यवस्थेत १५ रुपयांत उतारा मिळू लागला. लक्षात घेण्याजोगे असे की, येथे बोटाचा ठसा शेतकऱ्याचा नव्हे, तर संगणकावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा घेतला जाई. फेरफार कोणी केला, हे त्यावरून कळे. सत्तेची ओळख पटवून घेणारी अशी योजना आमच्या मते विरळाच.

दहा वर्षांतच पारडे फिरले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधारचा आरंभ झाला. आता दहाही बोटे आणि दोन्ही डोळे नागरिकाचे. त्याविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. वय तेव्हा ८६. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आपले वडील यशवंतराव चंद्रचूड यांनी १९७६ मध्ये, आणीबाणीत, दिलेले मत चुकीचे ठरविले. मराठी घरातील पितापुत्रांचा असा मतभेद कायद्याच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे.

तरीही २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मताने आधार टिकले. खासगी कंपन्यांना ते मागण्याची वाट न्यायालयाने बंद केली, धान्य आणि अनुदान यांसाठी मात्र राहू दिली. विरोधातले एक मत धाकट्या चंद्रचुडांचेच. नांगर आणि खुरपे धरून झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही, हा प्रश्न रेशनच्या रांगेत उभा असलेल्यास त्या निकालापेक्षा जवळचा आहे.

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. २०२४ मध्ये आपल्या महसूल खात्याने पहाणीस आधार जोडण्याची मोहीम काढली. बनावट विक्री थांबावी, हा हेतू खराच आहे. पण औराद तालुक्यातील चिंताकीसारख्या गावात पाहा : पहाणी संकेतस्थळावर आल्यापासून सर्व्हे नंबर ठाऊक असणाऱ्यास शेजाऱ्याच्या रानावरील कर्जाचा बोजा मोबाईलवर वाचता येतो. जो कागद आजोबा पेटीत ठेवीत, तो हाच.