थोरल्याची जमीन, धाकट्यांची नेमणूक

शासकीय सेवेतील बरीच वर्षे आम्ही महसुलाच्या कामात काढली. वाटणीचे जेवढे अर्ज आमच्या टेबलावरून गेले, तेवढे दुसऱ्या कोणत्याच कारणाचे गेले नसतील. भाऊ चार आणि विहीर एक. तेव्हा विहिरीत प्रत्येकाचा चौथा हिस्सा आणि पाण्याची पाळी वारांवर. पुढच्या पिढीत चौथ्याचा बारावा व्हायचा आणि पाळी तासांवर यायची. आमच्या स्वतःच्या घरीही निराळे काही झाले नाही. पूर्वजांनी उत्तरेत येऊन बांधलेल्या वाड्याचे जोते आजही एकच आहे, मात्र त्यावर उंबरे पाच आहेत, आणि मधल्या चौकात तुळशीवृंदावन कोणाचे, हा प्रश्न एका पिढीने दुसरीकडे जसाच्या तसा सोपवला आहे. या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांना हे चित्र आपल्याच घरचे वाटेल.

त्यामुळे निवृत्तीनंतर इंग्लंडचा सामाजिक इतिहास वाचताना आमचे लक्ष सारखे एकाच गोष्टीवर खिळत असे. तिथे एकाच आडनावाचे घराणे तीनतीनशे वर्षे त्याच हवेलीत, त्याच शेतीवाडीच्या उत्पन्नावर नांदताना दिसते. मग त्यांना भाऊ नव्हते काय? आणि असतील, तर ते गेले कुठे? बहिणींची लग्ने कशावर झाली? विधवा आईचा निर्वाह कसा चालला?

याचे उत्तर बहुतेक जण एका वाक्यात देतात : तिकडे सगळे थोरल्या मुलाला मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धेही नाही.

मृत्युपत्र न करता जमीनदार वारला, तर जमीन थोरल्या मुलाकडे जावी, मुलगे नसल्यास सर्व मुलींना समान मिळावी, हा तिथला जुना सामान्य कायदा. तो 1925 च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकला. केंट परगण्यात मात्र रीत उलटी होती. तिथे सर्व मुलगे समान वाटेकरी असत. पण मृत्युपत्राने जमीन देण्याची मोकळीक 1540 पासून बऱ्याच अंशी आणि 1660 नंतर पूर्णपणे मिळालेली होती. म्हणजे मनात आणले असते तर इंग्रज जमीनदाराला आपली सारी शेती धाकट्या मुलीला देता आली असती. आपल्याकडे मिताक्षरेने मुलाला जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत हक्क दिला. तिकडे मुलाला जन्माने काहीच मिळत नव्हते. सक्ती कायद्याची नव्हती. ती घराण्याने स्वतःच्या हाताने लिहून घेतलेल्या दस्तऐवजाची होती, आणि ते दस्तऐवज लिहिण्याची विद्या सिद्ध व्हायला इंग्रज वकिलांना साडेतीनशे-चारशे वर्षे लागली.

पहिला प्रयत्न 1285 चा. त्या वर्षीच्या एका कायद्याने जमीन 'अमक्याला व त्याच्या अंगज वारसांना' अशी बांधून देता येऊ लागली. यालाच एन्टेल म्हणतात. अशी जमीन धारकाला विकता येत नसे. पण बंधन आले की पळवाट येतेच, आणि ही पळवाट इतकी नामी होती की सरकारी कागदांत हयात घालवलेल्या माणसालाही तिचे कौतुक वाटावे. धारक आपल्याच एका स्नेह्याला स्वतःवर दावा लावायला सांगे. स्नेही म्हणे, जमीन माझी. धारक म्हणे, मला ती अमक्याकडून मिळाली आणि त्याने मालकीची हमी घेतलेली आहे. हा अमका म्हणजे पुढे पुढे ठरून गेलेला एक इसम : कोर्टात पुकारा करणारा शिपाई. तो हमी कबूल करी आणि लगेच कोर्टातून नाहीसा होई. न्यायाधीश गंभीर मुद्रेने जमीन वादीच्या पदरात टाकत, आणि बुडालेल्या वारसांना तेवढ्याच मोलाची जमीन त्या शिपायाकडून मिळावी असा हुकूम देत. शिपायाजवळ बिघाभरही जमीन नसे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्यता पावलेला हा लुटुपुटीचा दावा 1833 मध्ये कायद्याने बंद होईपर्यंत चालू होता.

तेव्हा जमीन बांधावी तर ती सुटते, आणि सुटी ठेवावी तर एखादा उधळ्या मुलगा ती फुंकून टाकतो, अशी कुचंबणा होती. शिवाय थोरल्याखेरीज इतरांची सोय हा प्रश्न उरतोच. तो किती जिव्हारी लागणारा होता, हे बकिंगहॅमशरमधील क्लेडनच्या व्हर्नी घराण्याच्या कागदपत्रांतून दिसते.

सर एडमंड व्हर्नी राजा पहिल्या चार्ल्सचा ध्वज वाहणारा सरदार. 23 ऑक्टोबर 1642 रोजी एजहिलच्या लढाईत तो ध्वजासह पडला. त्याचा देहही सापडला नाही. मागे थोरला मुलगा राल्फ, त्याचे तीन भाऊ आणि सहा बहिणी. त्यांतल्या पाच अविवाहित. मुलींच्या हिश्श्याची रक्कम बापाने कापडावरील एका सरकारी कराच्या वसुलीतून यावी अशी तजवीज केली होती. शांततेच्या काळात ती बरी होती. पण यादवी युद्ध पेटताच वसुली आटली. क्लेडनची जमीन राल्फला मिळाली, तिच्यासोबत बापाचे कर्ज मिळाले आणि पाच बहिणींची लग्ने मिळाली. त्यातून राल्फ पार्लमेंटच्या बाजूचा असूनही धर्मविषयक शपथ घेईना, म्हणून 1643 मध्ये त्याला फ्रान्सला जावे लागले आणि जमीन जप्तीत अडकली. ती सोडवण्यासाठी त्याची पत्नी मेरी 1646 मध्ये एकटी इंग्लंडला परतली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने ती सोडवली, आणि 1650 मध्ये परदेशातच वारली.

या घराण्याच्या पत्रांत बहिणींचे दुःख वाचवत नाही. हुंड्याची रक्कम हाती नाही म्हणून स्थळ नाही, आणि स्थळ नाही म्हणून नातेवाइकांच्या घरी आश्रित म्हणून दिवस काढायचे. आधी लग्न झालेली कॅरी 1645 मध्ये विधवा झाली. पतीच्या पश्चात तिला मुलगा न होता मुलगी झाली, तेव्हा सासरचा सूर बदलला, आणि तिच्या वैधव्याच्या नेमणुकीसाठी राल्फला झगडावे लागले. सर्वांत धाकटी बेटी एका गरीब धर्मोपदेशकाशी परस्पर लग्न करून मोकळी झाली. भावांपैकी टॉम तर आपल्याकडच्या कोणत्याही भाऊबंदकीत शोभला असता. बापाने त्याला आधी व्हर्जिनियाला आणि मग बार्बाडोसला धाडून पाहिले. तो परत आला, आणि पुढे आयुष्यभर थोरल्या भावाला पैशांसाठी पत्रे लिहीत राहिला.

राल्फला आम्ही सहजी दोष देऊ शकत नाही. जमीन त्याची होती हे खरे. पण तिच्यावर इतक्यांची तोंडे अवलंबून होती, की मालक कोणाला म्हणावे हाच प्रश्न पडतो.

याच यादवीच्या धामधुमीत, कोणत्याही दिवशी जमीन जप्त होण्याची धास्ती असताना, ऑर्लँडो ब्रिजमनसारख्या दस्तऐवज-निष्णात वकिलांनी नवी घडण पक्की केली. तिला स्ट्रिक्ट सेटलमेंट म्हणतात. हा कागद बहुधा थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी होई. त्याने मुलगा मालक होत नसे, तो फक्त हयातीपुरता वहिवाटदार होई. मालकी त्याच्या अद्याप न जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या नावे राखली जाई आणि मध्ये विश्वस्त बसत. वहिवाटदाराला उत्पन्न खाता येई. जमीन विकता येत नसे. नातू एकवीस वर्षांचा झाला की बाप व मुलगा मिळून हे बंधन तोडू शकत. इथेच खरी मेख होती. त्या वयाच्या मुलाला मालकीपेक्षा हातखर्चाची निकड अधिक असते. बाप म्हणे, आजपासून तुला सालीना एवढे पौंड. तू सही कर. मुलगा सही करी, जमीन पुन्हा एका पिढीसाठी बांधली जाई, आणि तोही आपल्या बापासारखाच वहिवाटदार होई. कायम बांधून ठेवण्यास न्यायालयांचा विरोध होता, 1682 च्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यापासून त्याला मर्यादा पडत गेली. पण दर पिढीला नवी सही घेणाऱ्या घराण्याला त्याची अडचण झाली नाही.

इतरांची सोय त्याच कागदात असे, आणि आमच्या मते या व्यवस्थेचे मर्म तिथे आहे. वधूपक्षाने हुंडा आणला की त्याच्या प्रमाणात तिच्या वैधव्याची नेमणूक ठरे. अठराव्या शतकात साधारणपणे हजार पौंडांमागे सालीना शंभर. लग्नानंतर तिच्या खाजगी खर्चासाठी वेगळी रक्कम असे. तिला आपल्या जुन्या कागदांतील 'चोळीबांगडी' हाच शब्द चपखल बसतो. धाकटे मुलगे आणि मुली यांच्यासाठी एकूण किती हजार पौंड द्यायचे, तो आकडाही लग्नाआधीच, मुले जन्मण्यापूर्वी लिहिला जाई, आणि त्याचा बोजा जमिनीवर चढे. व्हर्नी बहिणींचे नशीब एका कराच्या वसुलीवर टांगले होते. त्यांच्या नातींच्या पिढीतील मुलींना निदान जमिनीचे तारण मिळू लागले. बाप पुढे रागावला तरी तो आकडा त्याला बुडवता येत नसे.

आकडा पुरेसा असेच असे मात्र नाही. जेन ऑस्टिन यांच्या 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतील बेनेट कुटुंब पाहावे. उत्पन्न सालीना दोन हजार पौंड. पण पत्नी व मुलांसाठी कागदात लिहिलेले एकूण पाच हजार, आणि मुली पाच. प्रत्येकीच्या वाट्याला एक हजार, तेही आईच्या मागे. मुलगा होईल, तो सज्ञान झाल्यावर सही करून बंधन तोडेल आणि मग सर्वांची सोय लावू, या भरवशावर बापाने शिल्लक टाकली नाही. मुलगा झालाच नाही. आमच्या तरुणपणी ही कादंबरी आम्ही प्रेमकथा म्हणून वाचली होती. आता ती एका अपुऱ्या दस्ताची कैफियत वाटते. लेखिकेला हा विषय घरचा होता. 1805 मध्ये वडील वारल्यावर आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या. 1809 मध्ये चॉटनचे घर मिळाले ते एडवर्ड या भावामुळे, कारण नाईट नावाच्या निपुत्रिक, श्रीमंत आप्तांनी त्याला वारस नेमले होते. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा 1926 पर्यंत नव्हता. पण जमीन घ्यायची तर आमचे आडनाव लावा, ही अट सर्रास असे. एडवर्ड ऑस्टिन 1812 मध्ये एडवर्ड नाईट झाला. आपल्या गाद्यांवरील दत्तकविधान पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

धाकट्या मुलांना अंश मिळे तो चरितार्थासाठी नव्हे, सुरुवातीसाठी. गावच्या चर्चचा धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार पुष्कळदा जमीनदाराकडेच असे, तेव्हा एक मुलगा तिथे बसे. दुसऱ्यासाठी लष्करातील हुद्दा विकत घेतला जाई. एकोणिसाव्या शतकात साध्या पायदळातील सर्वांत खालच्या अधिकाराचा सरकारी भाव 450 पौंड होता, आणि ही विक्री 1871 मध्ये बंद झाली. तिसरा वकिली किंवा व्यापारात जाई, आणि चौथा जहाजात बसे. त्या जहाजांतून आलेल्यांशी आपला संबंध आला आहे. पुण्याच्या दरबारी 1811 मध्ये रेसिडेंट म्हणून आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटलंडमधील एका लॉर्डचा चौथा मुलगा. इंग्लंडप्रमाणे तिथेही जमीन थोरल्याची असे. त्याच्याच गव्हर्नरीत आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातींच्या रूढींचे संकलन केले, ते 1827 मध्ये प्रसिद्ध झाले. भावाभावांत समान वाटणी करणाऱ्या समाजाचे नियम, वाटणीत जमीन न मिळणाऱ्याच्या अमलात लिहिले गेले, ही गंमत आम्हाला नेहमी वाटते.

धाकटे नेहमी हरलेच असेही नाही. राल्फ व्हर्नीने आपला धाकटा मुलगा जॉन याला व्यापाऱ्याच्या हाताखाली घातले. तो बारा वर्षे सिरियातील अलेप्पोला राहिला आणि पैसा गाठीला बांधून परतला. थोरला एडमंड एका वारसदार मुलीशी विवाहबद्ध झाला. तिला वेड लागले, तो 1688 मध्ये वारला, त्याचे मुलगेही गेले. 1696 मध्ये राल्फ वारला तेव्हा क्लेडनची हवेली अलेप्पोच्या व्यापाऱ्याकडे आली.

या व्यवस्थेचे ओझे अखेर जमिनीनेच वाहिले. आजीची नेमणूक, आईची नेमणूक, आत्यांचे अंश, भावांचे अंश, असे बोजे एकावर एक चढत. रोकड नसल्याने गहाणखते होत, आणि वहिवाटदार व्याज भरता भरता म्हातारा होई. खंड चढते होते तोवर हे खपले. 1870 नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य आले आणि खंड घसरले. 1882 च्या कायद्याने वहिवाटदाराला जमीन विकण्याची मुभा दिली. 1894 चा मृत्यूकर आरंभी फार तर शेकडा 8 होता, तो 1919 मध्ये सर्वांत मोठ्या मिळकतींवर 40 पर्यंत गेला. युद्धात बाप व मुलगा पाठोपाठ पडलेल्या घरांची अवस्था तर विचारायलाच नको. 1996 च्या कायद्यानंतर अशी नवी सेटलमेंट करताच येत नाही.

क्लेडनचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. जॉनचा नातू, दुसरा अर्ल व्हर्नी, याने बांधकामाच्या हौसेपायी घराणे बुडवले आणि 1791 मध्ये तो कर्जबाजारी वारला. वारस पुतणीने त्याच्या हवेलीचा मोठा भाग पाडून टाकला. 1827 मध्ये मिळकत कॅल्व्हर्ट आडनावाच्या एका तरुण अधिकाऱ्याकडे आली. त्याच्या अंगात व्हर्नींचे रक्त नव्हते. त्याने आडनाव घेतले आणि तो सर हॅरी व्हर्नी झाला. त्याची दुसरी पत्नी पार्थेनोपी ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलची बहीण. घरात पडून असलेली जुन्या व्हर्नींची हजारो पत्रे वाचून, लावून त्यांचा इतिहास सिद्ध करण्याचे काम तिने हाती घेतले. पहिले खंड 1892 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर निघाले. 1956 मध्ये हवेली नॅशनल ट्रस्टला देण्यात आली. बहिणींनी हिश्श्यासाठी केलेल्या विनवण्या आणि टॉमने पैशांसाठी लिहिलेली पत्रे त्या कागदांतच आहेत. थोरल्या भावाने त्यांतले एकही फाडले नव्हते, असे ती रास पाहून वाटते.