पहिले आठ तास

रात्री ९. एरंडोल तालुक्यातलं कुठलंही घर धरा. सुनेने पॅरासिटामॉलच्या बऱ्याच गोळ्या एकदम घेतल्याचं रिकाम्या पाकिटांवरून कळतं. ती बोलते, चालते, पाणी मागते. मोठं कुणीतरी म्हणतं, "काही नही व्हस, झोपू द्या तिले. सकायले दखूत." तापाची गोळी, तिला विष कोण म्हणेल?

रात्री १०. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची खटपट. हे अजिबात करू नये. उलटी श्वासनळीत जाते, रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. याच सुमारास ती दवाखान्यात असती, तर पोटातलं औषध शोषून घ्यायला डॉक्टरांनी कोळशाची पूड पाजली असती.

रात्री ११. १०८ ला फोन करावा का, यावर दाराआड कुजबुज. "पोलीस केस होईल." या भीतीने जे तास खाल्लेत, त्याचा मला मनापासून संताप येतो. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते, खरं आहे. पण त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच बजावलंय. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्यायसंहितेत घेतलेलंच नाही.

रात्री १. चौथा तास. रक्तातली पातळी आत्ता मोजली तर कामाची, आधीचा आकडा फसवतो. तपासणी जवळ नसेल आणि रिपोर्टला उशीर होणार असेल, तर डॉक्टर त्याच्यासाठी थांबत नाहीत, उतारा सुरू करतात. त्यांना हवं असतं ते रिकामं पाकीट आणि गोळ्या घेतल्याची खरी वेळ. घरचे नेमकी तीच लपवतात.

पहाटे ५. आठवा तास. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो. यकृतातला ग्लुटाथायोनचा साठा त्याला निकामी करतो. तो साठा संपला की पेशी मरू लागतात. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा साठा पुन्हा भरतं. कफ पातळ करायला मिळतं, तेच औषध. एडिंबराच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी ते शिरेतून दिल्याचे निष्कर्ष १९७७ मध्ये छापले. नेहमीच्या पद्धतीत सलाइनमधून २१ तास चालतं. अंगावर पुरळ आलं तर थांबवून, मग हळू सोडतात. आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. आपल्या घरात मात्र सगळे झोपलेत.

सकाळी ९. मळमळ, उलट्या. "पित्त झालंय."

दुसरा दिवस. उलट्या थांबतात, घर सुटकेचा श्वास सोडतं. उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. रक्त तपासलं असतं, तर यकृताची एन्झाइम्स हजारांत दिसली असती.

तिसरी रात्र. डोळे पिवळे, लघवी कमी, बोलणं असंबद्ध. आता जळगाव, मग यकृत प्रत्यारोपणासाठी मुंबई-पुण्याची चौकशी. तरीही एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतातच. इतक्या उशिराही त्याने काही जीव वाचतात. वाचलेल्याचं यकृत बहुधा पूर्ववत होतं. घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याशी निवांत बोलणं हाही उपचाराचाच भाग. पुढे कधी रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.