एका धुनीचा रदीफ

२०११ साली 'टू द मून' हा व्हिडिओ गेम आला. कान गाओ यांनी तो आरपीजी मेकर या साध्या साधनावर बनवला. बहुतेक संगीतही त्यांचेच. मरणासन्न जॉनीला चंद्रावर जायचे आहे. का, ते त्यालाही आठवत नाही. दोन डॉक्टर त्याच्या आठवणींत शिरून ती इच्छा पुरी करतात.

जॉनीने पत्नी रिव्हरसाठी रचलेली पियानोची धून खेळात पुन्हा पुन्हा येते. मी उर्दू शिकवतो. गझलेत रदीफ तोच राहतो, अर्थ मात्र शेरागणिक बदलतो. ही धूनही तशीच. आधी नुसती गोड वाटते, रिव्हरचे दुःख कळल्यावर जड होते. शेवटी आठवणीतले यान झेपावते आणि इकडे जॉनीचे हृदय थांबते.

'गेम म्हणजे मारामारी' असे मुलांना सुनावण्याआधी, ती कशासाठी रडली हे आपण विचारायला हवे.