पोस्टातल्या मुलीची नोंद

विमान पायलट उडवतो, हे आपल्याला माहीत आहे. पण आज उडायचं की थांबायचं, हे हवा ठरवते. आणि हवा काय करणार हे कळायला जमिनीवर कुणीतरी वेळच्या वेळी मोजमाप घ्यावं लागतं. असं मोजमाप घेणाऱ्या एका मुलीची गोष्ट आज सांगते. गोष्ट दूरच्या आयर्लंड देशातली आहे.

मुलीचं नाव मॉरीन फ्लॅव्हिन. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठी ब्लॅकसॉड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पोस्टात मदतनीस हवी, अशी जाहिरात वाचून तिने अर्ज केला. नोकरीवर आल्यावर कळलं, की टपालाबरोबर हवामानाच्या नोंदीही करायच्या आहेत.

त्यात महत्त्वाची नोंद हवेच्या दाबाची. हवेलाही वजन असतं, बरं का! ते दाखवणारं यंत्र म्हणजे बॅरोमीटर. त्यातला आकडा झपाट्याने उतरला, की समजायचं वादळ येतंय. तिकडे वादळं बहुतेक पश्चिमेच्या महासागरावरून येतात, म्हणून ब्लॅकसॉडला त्यांची चाहूल आधी लागायची.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. जर्मनीने फ्रान्स ताब्यात घेतला होता. तो सोडवायला इंग्लंड, अमेरिका आणि त्यांचे मित्रदेश ५ जून १९४४ ला समुद्रातून आणि आकाशातून उतरणार होते. विमानांतून हजारो सैनिक रात्री पॅराशूटने खाली सोडायचे, तर चांदणं हवं. ढग खाली आले तर पायलटला जमीन दिसत नाही. वारा जोराचा असला तर पॅराशूट भलतीकडेच वाहत जातं.

३ जूनला मॉरीनला एकविसावं वर्ष पूर्ण झालं. त्याच दिवशी तिला दिसलं, की आकडा भराभर उतरतोय. तिने नोंद डब्लिनला कळवली, तिथून ती इंग्लंडला गेली. मग फोन आला. पलीकडची बाई म्हणाली, आकडा पुन्हा तपासा. मॉरीन आणि दीपगृहाचे रखवालदार टेड स्वीनी यांनी पुन्हा पाहिलं. आकडा बरोबर होता.

या नोंदीच्या आधारे हवामान अधिकारी जेम्स स्टॅग यांनी सेनापती आयझेनहॉवर यांना सांगितलं, ५ तारखेला निघू नका. मोहीम थांबली. वादळ आलंच. ४ जूनला ब्लॅकसॉडचा आकडा चढू लागला, म्हणजे थोडी उघडीप मिळणार होती. ६ जूनला दीड लाखांहून जास्त सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. त्या रात्रीही ढग होतेच, त्यामुळे पॅराशूटवाले कितीतरी सैनिक चुकीच्या जागी पडले. मग आदल्या दिवशी काय झालं असतं, विचार करा!

मॉरीनला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपल्या नोंदीने काय घडलं, हे तिला १९५६ साली कळलं. पुढे टेडशीच तिचं लग्न झालं होतं. २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेच्या लोकप्रतिनिधी सभागृहाने तिचा सन्मान केला. २०२३ च्या डिसेंबरात, शंभर वर्षांची होऊन ती गेली.

आता उपग्रह आले, रडार आलं. तरी प्रत्येक मोठ्या विमानतळावर वारा, ढग, धुकं आणि हवेचा दाब ठरावीक वेळी मोजतातच. दाबाचा तो आकडा पायलट आपल्या यंत्रात भरतो, तेव्हा विमान किती उंचीवर आहे ते नीट कळतं. आकडा चुकला तर उंचीही चुकते.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं, ताई, वहीतला आकडा पुन्हा एकदा मोजा, तर राग मानू नका. मॉरीनने मानला नव्हता.