कृत्तिकांच्या उजवीकडे

एसटी नसरापूरला सातारा रस्ता सोडून उजवीकडे वळते आणि तुझी झोप उडते.

साल १९८५. १६ नोव्हेंबर, शनिवार. परवाच भाऊबीज झाली. तू चौदा वर्षांची आहेस, नववीत, आणि राजगडावरच्या तीन दिवसांच्या शिबिराला निघाली आहेस. मांडीवर मामेभावाकडून मागून आणलेली खाकी हॅवरसॅक आहे. तिचा एक पट्टा तुटलेला, तो आईने परकराच्या नाडीने घट्ट बांधून दिलाय. आत स्वेटर, चादर, ताट, वाटी, पेला, दोन सेलची बॅटरी, आणि स्टीलच्या डब्यात चकल्या नि शंकरपाळे. वह्यांच्या कव्हरात जपून ठेवलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रणही तू बरोबर घेतलंस. त्यावर बचेंद्री पाल आहेत. गेल्या वर्षी २३ मेला त्या एव्हरेस्टवर पोचल्या, तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. कात्रण कशासाठी घेतलंस हे तू कुणाला सांगितलेलं नाहीस.

खिडकीबाहेर भाताची खाचरं पिवळी पडलीत. काही ठिकाणी कापणी उरकून झोडणी सुरू आहे. मार्गासनी मागे पडतं आणि डोंगर अंगावर यायला लागतात. सर पुढच्या बाकावरून उठतात, एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने दाखवतात: तो तोरणा, आणि तो राजगड. सगळी मुलं एका बाजूला झुकतात. कंडक्टर ओरडतो.

गुंजवण्यात उतरलीस की एक गोष्ट लक्षात घे. आता तीन दिवस घरचं कुणी तुला हाक मारणार नाही. घरी फोन नाहीच. शेजारच्या काकांकडे आहे, पण इथून तो लावायचा कुठून? स्वेटर घातलास का, जेवलीस का, पाय दुखतोय का, हे सगळं आता तुझं तू बघायचं. मला विचारशील तर शिबिराची खरी सुरुवात इथे होते, दोर बाहेर निघण्याच्या कितीतरी आधी. आजच्या आईबापांनाही माझी कळकळीची विनंती आहे की शिबिराला गेलेल्या मुलाला रोज फोन करू नका. पोर सुखरूप आहे एवढा निरोप शिबिरवाल्यांकडून घ्या आणि त्याला त्याचे तीन दिवस द्या.

वाट चोर दरवाज्याची आहे. पहिला तासभर गवतातून. कुसळं मोज्यांत घुसतात आणि घोट्याला टोचत राहतात. काढावी तेवढी नवी लागतात. मग झाडी, मग चढ उभा होतो. शेवटच्या टप्प्यात कातळ लागतो आणि चालणं संपून चढणं सुरू होतं. तिथे ताई थांबल्यात. त्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करून आल्यात. बचेंद्री पालही तिथेच शिकल्या, हे तुला माहीत आहे, आणि म्हणून तू ताईंच्या बुटांकडेसुद्धा आदराने बघतेस. ताई एवढंच सांगतात, "दोन हात, दोन पाय. तीन पक्के असले तरच चौथा हलवायचा. घाई कुणालाही नाही."

तू हात वर टाकतेस. दगड उन्हाने तापलाय. एक खाच सापडते, बोटं तिच्यात बसतात. तीन पक्के. चौथा हलव. पाठीवरची सॅक मागे ओढते, म्हणून तू पोटाने कातळाला चिकटतेस आणि ताई खालून सांगतात, "चिकटू नकोस, अंग बाहेर ठेव, पाय दिसले पाहिजेत." भीती वाटली की माणूस कातळाला मिठी मारतो आणि त्यामुळेच पाय निसटतो; वजन सरळ तळव्यांवर आलं तर बूट धरून ठेवतो. तू अंग बाहेर काढतेस. पाय दिसतात. मग तो बुटका दरवाजा येतो, तू वाकून आत जातेस, आणि समोर एकदम तळ्याचं पाणी. हे पद्मावती तळं.

संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीपुढे तुझा गट बसलाय. पिठलं-भात करायचा आहे. ओलं लाकूड धुमसतं, डोळे चुरचुरतात, पिठल्यात गुठळ्या होतात, भात खाली लागतो. तरी पातेली चाटूनपुसून रिकामी होतात. घरी पानात भाजी टाकणारी तू इथे करपलेल्या भातासाठी भांडतेस.

जेवण झाल्यावर सर गडाबद्दल बोलतात. रायगडाआधी जवळजवळ पाव शतक राजधानी इथे होती. १६५९ मध्ये सईबाई इथेच गेल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटलेले महाराज इथे परतले, आणि मथुरेत मागे ठेवलेले नऊ वर्षांचे संभाजीराजे काही काळाने इथेच येऊन पोचले. नऊ वर्षांचे. तुझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. तो अजून एकटा रस्ता ओलांडत नाही. शाळेच्या पुस्तकात ही ओळ तू अनेकदा वाचली असशील, पण अंधार, थंडी आणि दुखणाऱ्या पोटऱ्या बरोबर असताना ती पहिल्यांदा कळते.

चंद्रकोर मावळते. सर सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला लावतात आणि पंधरा मिनिटं कुणीही पेटवायची नाही अशी ताकीद देतात. डोळे अंधाराला सरावू द्यायचे. सुरुवातीला शेजारीण दिसत नाही. मग तिचं नाक दिसतं, मग बालेकिल्ल्याची काळी कड, आणि मग इतके तारे की कृत्तिकांचा पुंजका शोधावा लागतो. "पूर्वेला, बरंच वर. सापडल्या? आता त्यांच्या उजवीकडे. हात लांब करून अंगठा धरा, अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर." दुर्बीण एकच आहे. रांग लागते.

तुझी पाळी येते. दुर्बीण हातात थरथरते, कृत्तिका उड्या मारतात. सर म्हणतात, कोपरं गुडघ्यांवर टेकव. टेकवतेस. आणि तिथे, तीक्ष्ण ताऱ्यांच्या बाजूला, एक पुसट, गोल, राखाडी डाग. शेपूट नाही, झगमगाट नाही. हा हॅलीचा धूमकेतू. गेल्या खेपेला तो १९१० मध्ये आला होता, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. तुझ्या मागची मुलगी निराश होऊन "एवढंच?" म्हणते. तू मात्र दुर्बीण सोडत नाहीस, कारण सर पुढे सांगतायत की एडमंड हॅलीने जो पाहिला तो १६८२ चा. सप्टेंबर महिना. राजगड तेव्हा मराठ्यांकडे होता, गादीवर संभाजीराजे होते आणि औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. त्या दिवसांत ढगांनी वाट दिली असेल तर या माचीवरच्या पहारेकऱ्यांनीही तो पाहिला असेल, दुर्बिणीशिवाय, शेपटीसकट.

म्हणजे १९८५ मध्ये बसून तू १६८२ च्या पाहुण्याकडे बघते आहेस. आणि मी तुला पुढचंही सांगू शकते, सरांना ठाऊक नसलेलं नाही, पण त्या रात्री फार लांब वाटलेलं: हा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कक्षेच्या अगदी दूरच्या टोकाला, नेपच्यूनच्याही पलीकडे, पोचून परत फिरला. तो पुन्हा इकडे यायला निघालाय. २०६१ मध्ये तो सूर्याजवळ येईल तेव्हा तू नव्वद वर्षांची असशील. तेव्हाही कोपरं गुडघ्यांवर टेकव.

पहाट फार थंड असते. मुक्काम देवळात आहे, तिथल्या फरशीतून गारठा वर येतो आणि चादर पुरत नाही. कुणीतरी रडतं, दबक्या आवाजात. कोण ते तुला कळतं, पण सकाळी तू त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीस. हे तुला कुणी शिकवलेलं नाही.

रविवारचा दिवस गड बघण्यात जातो. सुवेळा माचीवर कातळाला आरपार पडलेलं नेढं आहे. तिथे पोचायच्या आधी ताई सगळ्यांना उभं करून बजावतात: ओरडायचं नाही, धूर नाही, अत्तर-पावडर लावलेल्यांनी मागे थांबायचं. कड्याला आग्या मोहोळं आहेत. चाळीस मुलं कुजबुजत चालतात, हे शाळेत कधी घडलेलं नाही. नेढ्यात चढून बसलीस की वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो, मधे तू. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर पसरलेली आहे. तिची तटबंदी दुहेरी, चिलखती, बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला तरी तो दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या जागेत सापडावा अशी. तू त्या फटीत उतरतेस, वर आभाळाची पट्टी दिसते, आणि लपाछपी खेळायचा मोह होतो. खेळताही तुम्ही. कुणाकडे तरी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आहे. रोलमध्ये बारा फोटो, त्यातले नऊ दिवाळीत संपले. उरलेले तीन कुठे खर्चायचे यावर दुपारभर चर्चा होते.

सोमवारी उतरायचं. त्याआधी तो कातळ.

वाटेपासून जरा बाजूला, चाळीसेक फूट, उघडा. गडाच्या बांधकामाला दोर बांधायचा नाही हा ताईंचा पक्का नियम, म्हणून जागा गडाबाहेरची. त्यांनी पहाटेच येऊन दोर लावलेत. एकावरून तू उतरणार. दुसरा तुझ्या कमरेला, वरून त्यांच्या हातात. त्या दोर कापून दाखवत नाहीत, पण एक जुना तुकडा फिरवतात: वरचं विणलेलं वेष्टन, आत पांढऱ्या नायलॉनच्या धाग्यांचा गाभा. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी धातूची कडी. मोठ्या छिद्रातून दोर घालायचा, लहानाच्या मानेभोवती वळवायचा. घर्षण सगळं काम करतं. उजवा हात कमरेखाली; तो ब्रेक, तो सुटला नाही पाहिजे. डावा नुसता वर. आणि वेण्या? मुलींच्या वेण्या एकेक करून कॉलरच्या आत जातात, वर पिवळं हेल्मेट. केस कडीत ओढले गेले की माणूस अधांतरी अडकतो. ताई प्रत्येक मुलीची वेणी स्वतः तपासतात.

तुझ्या आधी वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा जातो. कडेला जातो, खाली बघतो आणि म्हणतो, "नाही जमणार." आजूबाजूला हसण्याची लाट उठायच्या आत ताई त्याच्या कमरेची कडी सोडवतात. "ठीक आहे. दोर कुठे जात नाही." एवढंच. त्याला ढकलत नाहीत, चिडवू देत नाहीत. अनेक शिबिरांत मी मुलांना "चल, चल" करत कडेवरून लोटलेलं पाहिलंय, आणि खाली पोचल्यावर टाळ्या वाजवून त्याला धाडस म्हटलेलं ऐकलंय. मला ते पटत नाही. नाही म्हणायची मोकळीक असेल तरच कडेवरचं पाऊल त्या मुलाचं स्वतःचं असतं.

आता तू. पाठ दरीकडे. टाचा कडेवर. "मागे बस," ताई म्हणतात, "खुर्ची आहे असं समजून." खुर्ची नाही हे तुझ्या प्रत्येक स्नायूला ठाऊक आहे. गुडघे आपोआप थरथरतात, तू थांबव म्हणतेस आणि ते ऐकत नाहीत. तोंड कोरडं पडतं. ताई काही बोलत नाहीत. त्यांच्याकडे वेळ आहे. खूप वेळ आहे. खाली कुठेतरी भारद्वाज घुमतो. तू दोराकडे बघतेस, गाठीकडे, ताईंच्या हाताकडे, आणि वजन मागे टाकतेस, थोडं, मग आणखी थोडं. दोर ताणला जातो. धरतो. पाय कातळाला काटकोनात येतात आणि थरथर थांबते, अचानक, जशी आली तशी. तू उजवा हात सैल करतेस, दोर सरकतो, एक पाऊल. आणखी एक. मधे तू थांबतेस, मुद्दाम, कारण थांबता येतं हे तुला आत्ता कळलंय.

जमीन लागते. कडीला हात लावायला जाशील तर चटका बसेल. घर्षणाची ऊब आहे ती. दोर सोडवून तू वर ओरडतेस, "दोर मोकळा!" कुठून आला हा एवढा आवाज?

खाली उभे असलेले दादा दोराचं टोक तुझ्या हातात देतात. पुढची उतरताना तिचा हात सुटला तर खालून दोर जोरात ओढायचा. दोर ताणला की कडी जिथल्या तिथे आवळते आणि ती थांबते. हे काम आता तुझं. दोन्ही हातांनी धर, पाय रोवून, नजर वर.

कडेवर पिवळं हेल्मेट दिसतं. तुझ्या बाकावरची ती, पहाटे रडलेली.

"धरलंयस का गं?"

"धरलंय. ये."