पेटीत नसलेली माणसं

आमच्या भागात घरातला जुना कागद बाहेर निघतो तो वाटणीसाठी, बांधाच्या वादासाठी, नाहीतर कुठल्या तरी दाखल्यासाठी. एरवी पत्र्याची पेटी माजघरात पडून असते. किल्ली कुठंय ते घरातल्या म्हाताऱ्यालाच ठाऊक.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. कचेरीचा कारभार उर्दूत, घरचे हिशेब मोडीत. म्हणून पणजोबाचा कागद हातात असूनही पणतवाला वाचता येत नाही. 1954 चं खासरा पाहणीपत्रक मात्र गावोगाव माहीत. जमिनीचा जुना दावा निघाला की बोट तिथंच जातं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तर मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला.

त्याच सुमारास अंबाजोगाईला वारसा जपणाऱ्या एका मंडळाच्या शाखेची बैठक होती. मी गेलो. पंधरा-वीस माणसं, सतरंजी आणि चहा. नेहमीप्रमाणं हत्तीखान्याच्या लेण्यांवर बोलणं झालं. दासोपंतांच्या पासोडीचा विषय निघाला. कापडावर लिहिलेला तो ग्रंथ शतकं टिकला, कारण माणसांनी तो सांभाळला. तेवढ्यात एक निवृत्त बाई म्हणाल्या, "लेणी दगडाची आहेत, राहतील. तुमच्या घरातलं काय?"

पुढच्या बैठकीला ज्यानं त्यानं घरातला एकेक कागद आणायचं ठरलं. वाटणीपत्र आलं, सावकाराची पावती आली, शाळा सोडल्याचे दाखले आले. सगळे कागद सतरंजीवर मांडले आणि बाईंनी विचारलं, "यात बायका किती?"

मोजायला बसलो. दोन निघाल्या. दोघीही विधवा, वारस म्हणून आलेल्या.

माझ्या घरच्या कागदांत तर एकही नव्हती. आमच्या चुलतीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं वीस हंगाम ऊस तोडला. पण तोडणीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेणार नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळी बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या वहीत अर्धा कोयता म्हणूनसुद्धा दिसत नाही. ज्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं तोडणीला जातात, तिथं ही गोष्ट एका घराची नाही.

मग बायकांचा इतिहास गेला कुठं? तो जात्यावर होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी 1996 साली त्यांच्या चमूला बाबासाहेबांवरच्या ओव्या गाऊन दिल्या. मला त्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं गेलं. 'लोकगीत' म्हटलं की माणूस पुसला जातो; इथं तो पुसला नाही.

आता गावोगाव पिठाची गिरणी झाली, जातं कोपऱ्यात गेलं. पण गाणाऱ्या काहीजणी अजून आहेत. आम्ही ठरवलं, मोबाईलवर त्यांचा आवाज घ्यायचा. सुरुवातीला नाव, माहेर, सासर, तारीख बोलायची. साल आठवत नसेल तर रझाकार, पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप यांच्या आधी का नंतर, एवढं विचारायचं. मधी बोलायचं नाही. 'हे लिहू नको' म्हणाली तर लिहायचं नाही.

मी चुलतीपाशी बसलो. ती पोलीस ॲक्शनच्या वर्षीची.

"काकू, नाव सांगा."

"कंचं? माहेरचं का इथलं?"

मी बघतच राहिलो. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथंच राहिलं, हे पन्नास वर्षं एका घरात राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. तिच्या नातवंडांनाही नव्हतं. म्हणजे उद्या कुणी तिचं मूळ शोधायला निघालं, तर माहेरच्या गावात आमच्याकडचं नाव सापडणार नाही आणि आमच्या गावात माहेरचं.

"दोन्ही सांगा," म्हणालो.

माहेरचं नाव सांगताना ती जरा थांबली. म्हणाली, "माय हाक मारायची त्या नावानं. माय गेल्यावर कुणी मारली न्हाई लेकरा."

त्या दिवशी तासभराचं रेकॉर्डिंग झालं. दोन गोष्टी लिहू नको म्हणाली, त्या लिहिल्या नाहीत. बाकीचं वहीत उतरवलं आणि वही पेटीत, वाटणीपत्राच्या वर ठेवली. एक प्रत मंडळाकडं दिली, कारण एका घरात ठेवलेलं एका पावसाळ्यात जातं.

आतापर्यंत आमच्याकडं अकराजणींचे आवाज झालेत. यादीतल्या तिघी आम्ही पोचायच्या आधीच गेल्या. त्यांची माहेरची नावं कोणत्याही कचेरीत मिळणार नाहीत. तुमच्या घरात कुणी असेल, तर आधी तेवढं एक नाव विचारून घ्या.